माणदेशी चटण्या-पापडांचं ऑनलाइन दुकान : वेबसाइटच्या आधी काय काय लागतं?

"घरच्या चटण्या, मसाले, पापड ऑनलाइन विकायचेत, वेबसाइट किती पैशांत होईल?" गावाकडून येणाऱ्या मेसेजमध्ये हा प्रश्न मला सारखा दिसतो. मी सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे दुकानाचा अवघड भाग माझ्याकडेच असणार असं लोकांना वाटतं. खरं तर तो सगळ्यात सोपा भाग आहे.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. आत्याच्या शेंगदाणा चटणीसाठी मी तीन आठवडे खपून साइट बनवली. कार्ट, कूपन, सरकणारे फोटो, सगळं. पहिल्या अकरा पार्सलांपैकी चार तेलाने माखून पोचली. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, "ही किती दिवस टिकते?" आमच्या घरात याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आत्या म्हणाली, "आपल्यात टिकायच्या आत संपतीच की."

आठवडी बाजारात हे चालतं. गिऱ्हाईक चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन चाखतं, वास घेतं, विकणारीला ओळखतं. फोनवर यातलं काहीच होत नाही. तिथे चव, वास आणि ओळख यांची जागा लेबलवरच्या चार ओळी घेतात. म्हणून हा लेख त्या चार ओळींपासून सुरू होतो आणि वेबसाइटपाशी जरा उशिराने पोचतो.

माणदेशात विकण्यासारखं काय आहे?

माण तालुका, शेजारचा खटाव, सांगलीतलं आटपाडी हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माणमध्ये जेमतेम ५०० च्या आसपास. शेतीसाठी हा शाप आहे. वाळवणासाठी मात्र याहून चांगली हवा शोधून मिळायची नाही. कुरडया, सांडगे, पापड, वाळवलेली मिरची, शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी, हुलग्याचं पीठ, बाजरीचं पीठ अशा कोरड्या आणि टिकणाऱ्या वस्तू इथल्या घराघरांत होतात. पार्सलने पाठवायला नेमक्या अशाच वस्तू लागतात.

शिवाय हा धंदा इथे शून्यापासून सुरू करावा लागत नाही. म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने त्यांचा पहिला अर्ज नाकारला होता, कारण अर्ज करणाऱ्या बऱ्याच बायका निरक्षर होत्या. बायकांनी लिहा-वाचायला शिकायला घेतलं आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना सांगितलं की व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. माणदेशी फाउंडेशन बायकांसाठी व्यवसायाचं शिक्षणही देतं, आणि मुंबईत भरणाऱ्या माणदेशी महोत्सवात इथल्या वस्तू थेट शहरी गिऱ्हाइकांपुढे जातात. तुम्ही या भागातले असाल तर साइट बनवण्याआधी अशा एखाद्या प्रदर्शनात चार दिवस उभं राहून बघा. कुठली चटणी लोक दुसऱ्यांदा मागतात हे तिथे कळतं.

किती दिवस टिकतं? आधी हे शोधा

पदार्थ खराब होतो म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होतात, आणि त्यांची गल्लत करू नका. एक म्हणजे तो खवट होतो. दुसरी, त्यात जंतू किंवा बुरशी वाढते. पहिल्याने गिऱ्हाईक जातं, दुसरीने माणूस आजारी पडतो.

खवटपणा तेलामुळे येतो. हवेतला ऑक्सिजन, उजेड आणि उष्णता हे तिघे मिळून तेल बिघडवतात. जवस आणि कारळे यांचं तेल लवकर बिघडतं, तिळाचं त्या मानाने उशिरा, कारण तिळात तेलाला जपणारे घटक मुळातच असतात. म्हणजे तिन्ही चटण्यांवर डोळे झाकून 'सहा महिने' असं छापता येत नाही. पारदर्शक पाऊचमधून चटणीचा रंग छान दिसतो, पण उजेडही आत जातो. आतून अॅल्युमिनियमचा थर असलेला पाऊच दिसायला साधा असला तरी चटणीला तोच मानवतो.

जंतू वाढायला पाणी लागतं. पदार्थात जंतूंना वापरता येईल असं किती पाणी आहे, ते मोजायचं एक माप आहे. शुद्ध पाण्यासाठी ते १ असतं. हे माप ०.६ च्या खाली गेलं की कुठलाही जंतू किंवा बुरशी वाढत नाही. कडकडीत वाळलेला पापड या हिशोबात सुरक्षित असतो. अडचण पुढे येते. दहिवडीच्या कोरड्या हवेत वाळवलेला पापड जुलैत दादरच्या स्वयंपाकघरात पोचतो आणि तिथली दमट हवा शोषून घेतो. तुमच्या घरी वर्षभर टिकणारा पापड तिथे महिन्याभरात मऊ पडू शकतो. म्हणून टिकण्याची मुदत ठरवताना गिऱ्हाइकाच्या घरचा विचार करा, आपल्या कोठीचा नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओला ठेचा किंवा तेलात बुडवलेला लसूण सुरुवातीला विकूच नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि जिथे हवा नाही, आंबटपणा नाही पण ओल आहे, तिथे बॉट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करतात. त्या विषाला वास नाही, चव नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या बारीक चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही बाधा झाली होती. इटलीत भाज्या तेलात घालून बरण्या भरायची घरोघरी पद्धत आहे, आणि युरोपात बॉट्युलिझमच्या सर्वाधिक नोंदी होणाऱ्या देशांत इटली येतो. तिथली सरकारी आरोग्य संस्था घरी बरण्या भरणाऱ्यांसाठी खास मार्गदर्शक पुस्तिका काढते. 'आमची आजी वर्षानुवर्षं करते, कधी काही झालं नाही' हे वाक्य तिथेही म्हटलं जातं. आजी चार माणसांसाठी करते आणि ते आठवड्यात संपतं. तुमची बरणी मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात पाच दिवस पडून असते. आंबटपणा मोजून ठरवलेली पाककृती आणि प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत फक्त कोरड्या वस्तू विका.

शेंगदाण्याबाबत आणखी एक. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्या. त्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. भाजलं की सगळं शुद्ध होतं हा समज चुकीचा आहे.

मुदत ठरवायची घरगुती पद्धत अशी. एकाच घाण्यातले दहा-बारा पाऊच तारीख टाकून बाजूला ठेवा. अर्धे कपाटात, अर्धे पत्र्याच्या खोलीत. दर पंधरा दिवसांनी एकेक उघडा, चव आणि वास लिहून ठेवा. कपाटातला पाऊच चार महिने चांगला आणि पत्र्याखालचा दोन महिने चांगला असेल, तर लेबलवर दोन महिने लिहा. चव-वासावरून खवटपणा कळतो, जंतू कळत नाहीत. त्यासाठी निदान एकदा मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या.

नोंदणी

घरून विकलं तरी अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. फक्त इन्स्टाग्रामवर विकतो म्हणून सूट मिळत नाही. अर्ज 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो. २०११ च्या नियमांनुसार वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकांसाठी साधी नोंदणी आणि त्यावर परवाना अशी विभागणी होती, आणि साध्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये. अशा मर्यादा अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर जे लिहिलंय ते धरा. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा एवढ्यावर काम होतं. मिळतो तो १४ आकडी क्रमांक. 'दोन दिवसांत करून देतो, पाच हजार द्या' म्हणणारे एजंट ऑनलाइन भरपूर भेटतील. त्यांची गरज नाही.

अर्जात व्यवसायाचा प्रकार विचारतात. स्वतः बनवून विकत असाल तर उत्पादक. 'ई-कॉमर्स' हा पोर्टलवर वेगळा प्रकार आहे आणि त्याला केंद्रीय परवाना लागतो. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेण्याच्या पुढे जाऊन स्वतःची साइट काढायची असेल, तर तुमचं काम कशात मोडतं हे अन्न आणि औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारा.

लेबल

पदार्थाचं नाव, घटक (जो सगळ्यात जास्त तो आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, सर्व करांसह कमाल किंमत, एफएसएसएआयचं चिन्ह आणि क्रमांक, चौकोनातला हिरवा ठिपका. हे सगळं त्या छोट्याशा पाऊचवर बसवायचं असतं. पाकीट एक किलोच्या आतलं असेल तर ग्रॅममागे किंमतही द्यावी लागते. १५० रुपयांच्या २५० ग्रॅम पाकिटावर ती ६० पैसे होते.

दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पहिली, लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी जरूर घाला, पण फक्त मराठी चालत नाही. हा नियम मला पटत नाही, पण आहे. दुसरी, शेंगदाणा, दूध, गहू यांसारख्या घटकांसाठी ॲलर्जीची वेगळी सूचना द्यावी लागते. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याकडे कमी ऐकू येते, पण ज्याला आहे त्याच्या जिवावर बेतू शकते. कारळ्याची चटणी शेंगदाण्याच्याच खलबत्त्यात कुटत असाल तर तेही लिहा.

'मधुमेह बरा होतो', 'वजन हमखास कमी होतं' असलं काही छापू नका. तो गुन्हा आहे.

यातली बरीचशी माहिती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दिसली पाहिजे, असा नियम २०१८ पासून आहे. लेबलचा स्पष्ट फोटो टाका आणि खाली तेच टाइप करून द्या. गिऱ्हाइकाला चाखता येत नाही, निदान वाचता तरी येऊ दे.

दुकान कुठे मांडायचं?

पहिल्या पन्नास-शंभर ऑर्डरसाठी व्हॉट्सअॅप बिझनेस पुरे. हे अॅप भारतात जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि २०१९ च्या अखेरीस त्यात कॅटलॉग आला. त्यात वस्तूचा फोटो, किंमत आणि वर्णन टाकता येतं. दुकानासाठी वेगळं सिम घ्या. घरच्या नंबरवर रात्री अकराला 'पापड आहेत का?' असे मेसेज यायला लागले की कळेल, का ते.

ऑर्डरची नोंद गूगल शीटमध्ये ठेवा. तारीख, नाव, पिन कोड, वस्तू, बॅच क्रमांक, पैसे आले का, पार्सलचा क्रमांक. यातला बॅच क्रमांकाचा रकाना वायफळ वाटतो. पण एखाद्या घाण्यात गडबड निघाली तर तो पदार्थ कुणाकुणाकडे गेलाय हे पाच मिनिटांत कळतं आणि सगळ्यांना 'खाऊ नका' असं कळवता येतं. माझ्या त्या तीन आठवड्यांच्या साइटमध्ये कूपनची सोय होती, ही नव्हती.

मोठ्या बाजारपेठेच्या अॅपवर जायचं तर जीएसटी समजून घ्या, कारण इथे भलेभले चुकतात. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे अर्धंच खरं आहे. करपात्र खाद्यपदार्थ राज्याबाहेर पाठवला की पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. म्हसवडहून पुण्याला चटणी पाठवली तर ठीक, बेळगावला पाठवली तर नाही. आधी ई-कॉमर्स अॅपवरून विकणाऱ्या प्रत्येकालाच नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली. फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. गंमत म्हणजे पापडावर जीएसटीच नाही. फक्त करमुक्त वस्तूच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, मग तो माल कुठेही जावो. त्यामुळे पापड आणि चटणी एकत्र विकायला लागताना एकदा कर सल्लागाराला विचारा. पोर्टलवर जीएसटी नोंदणीची फी शून्य आहे, सल्लागाराची अर्थातच नाही.

स्वतःची साइट कधी? जुनी गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा मागवायला लागली आणि व्हॉट्सअॅपवर तीच तीच उत्तरं देऊन बोटं दुखायला लागली की.

पैसे

यूपीआयवर दोन नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. खोटे स्क्रीनशॉट बनवायची अॅप आहेत. आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसली तरच पार्सल बांधा. 'चुकून जास्त पाठवले, बाकीचे परत करा' असा फोन आला तर आधी खातं बघा. घाई करणाऱ्याला थांबायला सांगा.

पार्सलचा हिशोब

बहुतेक घरगुती दुकानं इथे बुडतात. समजा, २५० ग्रॅम चटणीला सामान ४५ रुपये, पाऊच आणि लेबल १२, गॅस, वीज आणि मजुरी ३०. झाले ८७. त्यात खोका आणि टेप १५, पार्सल ६०. एकूण १६२. तुम्ही 'घरपोच १५०' लिहिलं असेल तर प्रत्येक पाकिटामागे १२ रुपये पदरचे घालताय, आणि ऑर्डर वाढल्या म्हणून खूशही होताय. तीच चार पाकिटं एका खोक्यात पाठवली तर ३४८ अधिक खोका २० अधिक पार्सल ११०, म्हणजे ४७८. विक्री ६००. उरले १२२. आकडे तुमच्या गावचे घाला, पण हे गणित एकदा मांडाच. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : किमान ऑर्डर ठेवा.

मजुरीचे ३० रुपये त्यात का धरले? कारण घरच्या बाईची मजुरी हिशोबात धरायचीच नाही अशी आपल्याकडे पद्धत आहे. ती धरली नाही तर दुकान फायद्यात दिसतं आणि बाई रात्री बारापर्यंत दाणे निवडत बसलेली असते.

कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५००० ने भागतात आणि दोन्हींपैकी जास्त असेल ते वजन धरतात. ३० बाय २० बाय १५ चा खोका म्हणजे १.८ किलो. त्यात अर्धा किलो कुरडया असल्या तरी पैसे १.८ किलोचे. चटणी या बाबतीत गुणी आहे, कुरडई महागात पडते आणि वर मोडते. टपाल खात्याचे दरही बघून घ्या. लहान गावांपर्यंत टपाल पोचतं, खासगी कुरिअर दरवेळी पोचेलच असं नाही.

आमची गळणारी पार्सलं कशी थांबली? चटणी कुटल्यावर एक रात्र स्वच्छ, झाकलेल्या परातीत निवू दिली, पाऊचची शिवण दुहेरी केली आणि प्रत्येक पाऊच आणखी एका पिशवीत घातला. पाऊचमागे दीड रुपया वाढला.

'माणदेशी' हे नाव

इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो चीज हे गावांच्या नावावर विकलं जातं. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि शेजारच्या ठरावीक पट्ट्यातच ते बनवता येतं. किमान १२ महिने मुरवावं लागतं आणि चाकाएवढ्या चीजच्या कडेवर नाव ठिपक्यांनी उमटवलेलं असतं. जर्मनीत दुसरंच चीज 'पार्मेझान' म्हणून विकलं जात असल्याचा वाद युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला. तिथे २००८ मध्ये असं ठरलं की ते नावसुद्धा ग्राहकाला मूळ चीजचीच आठवण करून देतं.

आपल्याकडे याला भौगोलिक मानांकन म्हणतात. सांगलीचा बेदाणा, सांगलीची हळद, साताऱ्याचा वाघ्या घेवडा यांना ते मिळालेलं आहे. मानांकन एकट्या दुकानदाराला मिळत नाही, उत्पादकांच्या संघटनेला अर्ज करावा लागतो. तोवर नावाचा मान आपणच राखायचा. शेंगदाणे बाहेरच्या राज्यातून आणले असतील तर 'माणदेशी शेंगदाणे' लिहू नका. 'म्हसवडला कुटलेली चटणी' लिहा. ते खरं आहे, आणि पिन कोड ४१५५०९ पाऊचवर छापलेलाच असतो.

आत्याची चटणी सध्या दोन महिन्यांच्या मुदतीने जाते. पावसाळ्यात दीड. साइट बंद आहे, व्हॉट्सअॅप चालू आहे.